विश्लेषण : बटाटा सोडला, रताळे धरले, तरी साखर का वाढते?

उपवासाच्या दिवशी अनेक घरांत एकच प्रकार दिसतो. घरच्यांसाठी बटाट्याचा कीस आणि मधुमेह असलेल्या आजोबांसाठी वेगळी ठेवलेली दोन भाजलेली रताळी. ‘बटाट्याने साखर वाढते, रताळ्याने वाढत नाही’ हा सल्ला मोबाइलवरून इतक्या वेळा फिरला आहे की तो आता नियमच होऊन बसला आहे. दोन तासांनी ग्लुकोमीटरवरचा आकडा चढलेला दिसला, की दोष शेजारच्या वाटीतल्या साबुदाण्यावर जातो. रताळ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

हा सल्ला पूर्ण चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. उकडलेल्या आणि भाजलेल्या रताळ्यात जितका फरक पडतो, तितका अनेकदा बटाटा आणि रताळे यांच्यातही नसतो. दोन्ही कंदांची नेमकी तुलना काय सांगते, ते पाहू.

नावापासूनच घोळ

‘बटाटा’ हा शब्द मुळात बटाट्याचा नाहीच. तो रताळ्याचा आहे. कॅरिबियन बेटांवरचे टाइनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. कोलंबसाच्या सफरींनंतर रताळे स्पेन-पोर्तुगालमध्ये पोहोचले आणि सोबत त्याचे नावही गेले. अँडीज पर्वतातला खरा बटाटा युरोपात गेला तो त्यानंतर. दोन्ही जमिनीखालचे, दोन्ही पिठूळ, त्यामुळे आधीच्याचे नाव नंतरच्याला चिकटले. पोर्तुगीजांनी हे नाव आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले, म्हणून मराठी, कोकणी आणि गुजरातीत ‘बटाटा’ रुळला, तर उत्तरेत ‘आलू’ राहिला. पोर्तुगीज भाषेत आजही रताळ्याला ‘गोड बटाटा’ अशा अर्थाचेच नाव आहे.

‘रताळे’ हा शब्द संस्कृत ‘रक्तालु’शी, म्हणजे तांबड्या कंदाशी जोडला जातो. गुजरातीत हेच नाव वेगळ्या कंदाकडे गेले. मुंबईत गुजराती भाजीवाल्याकडे ‘रतालु’ मागितले तर उंधियोत पडणारे जांभळे कोनफळ हातात येते. रताळे हवे असेल तर ‘शक्करिया’ म्हणावे लागते. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांचीही दुकानात अशीच फसगत होते. तिथे नारिंगी गराचे रताळे सर्रास ‘यॅम’ या नावाने विकले जाते. खरा यॅम म्हणजे आपले कोनफळ किंवा कोकणातली कणगी. त्याचे कूळ वेगळे आणि चवही वेगळी.

आणखी एक गंमत म्हणजे, कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या उपवासाच्या ताटात मानाने बसलेले हे दोन्ही कंद परदेशी आहेत. अमेरिका खंडातून समुद्रमार्गे ते भारतात आले, ते सोळाव्या शतकानंतर. उपवासाच्या मिरचीचा आणि शेंगदाण्याचाही मूळ पत्ता तोच.

एक खोड, दुसरे मूळ

दोन्हींना आपण कंदमुळे म्हणत असलो, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती भावंडे नाहीत. बटाटा हे जमिनीखाली फुगलेले खोड आहे. त्यावरचे ‘डोळे’ म्हणजे खोडावरचे कोंब, म्हणूनच शेतकरी डोळा असलेली फोड लावून नवे झाड घेतो. कूळ वांगी, टोमॅटो आणि मिरचीचे. रताळे मात्र खरेखुरे मूळ आहे, अन्न साठवून फुगलेले. त्याची लागवड वेलाचे तुकडे लावून करतात. त्याचे कूळ कुंपणावर निळी-जांभळी फुले फुलवणाऱ्या मॉर्निंग ग्लोरीचे.

हा फरक स्वयंपाकघरापर्यंत येतो. बटाट्याच्या झाडाची पाने, कोंब आणि हिरवी पडलेली साल यांत सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये असतात आणि ती शिजवूनही नष्ट होत नाहीत. रताळ्याच्या कोवळ्या पानांची मात्र भाजी होते. रताळ्याचा धोका वेगळाच आहे. सोंड्या किडीने पोखरलेले किंवा बुरशीने काळे पडलेले रताळे कडू लागते. त्या कडवटपणामागे झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली घातक द्रव्ये असतात. त्यामुळे असे रताळे ‘तेवढा भाग काढून’ वापरण्याऐवजी टाकून दिलेले बरे.

शंभर ग्रॅममध्ये काय?

अमेरिकी कृषी विभागाच्या अन्नघटक कोष्टकानुसार १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ७७ कॅलरी असतात, तर नारिंगी गराच्या कच्च्या रताळ्यात सुमारे ८६. पिष्टमय पदार्थ अनुक्रमे साडेसतरा आणि २० ग्रॅम. म्हणजे ‘वजन कमी करायचे तर रताळे’ या समजाला इथे फारसा आधार मिळत नाही. तंतुमय पदार्थांत रताळे थोडे पुढे आहे: ३ ग्रॅम, बटाट्यात २ ग्रॅमच्या आसपास. प्रथिनांत बटाटा किंचित वरचढ आहे. पोटॅशियमही त्यात जास्त, सुमारे ४२५ मिलिग्रॅम विरुद्ध ३३७.

आश्चर्य वाटेल ते क जीवनसत्त्वाचे. बदनाम बटाट्यात ते जवळपास २० मिलिग्रॅम असते, कच्च्या रताळ्यात जेमतेम अडीच. शिजवताना त्यातले बरेच कमी होते हे खरे, तरी गरिबांच्या ताटात क जीवनसत्त्व पुरवणारा कंद म्हणून बटाट्याने अनेक देशांत मोठी कामगिरी केली आहे. थेट साखरेत मात्र रताळे पुढे आहे: बटाट्यात एक ग्रॅमपेक्षा कमी, रताळ्यात ४ ग्रॅमहून थोडी अधिक.

रताळे निर्विवाद जिंकते ते अ जीवनसत्त्वात. नारिंगी रताळ्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेआठ मिलिग्रॅमच्या आसपास बीटा-कॅरोटीन असते. शरीर त्याचे अ जीवनसत्त्व करते आणि प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या गरजेचा मोठा भाग त्यातून भागू शकतो. बटाट्यात ते जवळपास नसतेच. इथे एक मोठी अट आहे: रताळे आतून नारिंगी हवे. आपल्या बाजारात मिळते ते बहुतेक बाहेरून लालसर आणि आतून पांढरे किंवा फिकट पिवळे असते. रंग जितका फिकट, तितके बीटा-कॅरोटीन कमी. इंटरनेटवर रताळ्याचे जे गुणगान वाचायला मिळते, ते बहुतांशी नारिंगी रताळ्याचे असते आणि आपल्या पिशवीत येते पांढरे.

भाजल्यावर काय बदलते?

अन्नातून साखर रक्तात किती वेगाने जाते, हे मोजण्यासाठी ग्लायसेमिक इंडेक्स वापरतात. शुद्ध ग्लुकोज १०० धरायचे. ५५ किंवा त्याखाली असेल तर वेग कमी, ७० किंवा त्यावर असेल तर जास्त. वेगवेगळ्या देशांतील चाचण्या एकत्र करून केलेल्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात उकडलेल्या बटाट्याचा सरासरी इंडेक्स ७८ आहे, उकडलेल्या रताळ्याचा ६३. रताळ्याची कीर्ती याच फरकावर उभी आहे.

जमैकातील संशोधकांनी २०११ मध्ये रताळ्याच्या दहा जातींवर केलेला अभ्यास या कीर्तीला चांगलाच छेद देतो. तीच रताळी, फक्त शिजवण्याच्या पद्धती वेगळ्या. उकडलेल्या रताळ्यांचा इंडेक्स ४१ ते ५० दरम्यान आला, तळलेल्यांचा ६३ ते ७७ आणि भाजलेल्या किंवा ओव्हनमधल्या रताळ्यांचा ७९ ते ९४. म्हणजे उकडलेले रताळे कमी वेगाच्या गटात बसते आणि तेच भाजले की उकडलेल्या बटाट्याच्याही पुढे जाते. जमैकातल्या जाती आणि करमाळ्याकडची रताळी एक नव्हेत, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण बदलाची दिशा कोणती, हे त्यातून कळते.

असे का होते, याचे एक कारण रताळ्यातच दडलेले आहे. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचे विकर भरपूर असते. उष्णता मिळून आतला स्टार्च फुगू लागला की, साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, हे विकर स्टार्चचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर तयार करते. तापमान त्याहून बरेच वर गेले की विकर निकामी होते. निखाऱ्यात किंवा राखेत पुरलेले रताळे हळूहळू तापते, त्यामुळे या टप्प्यात ते बराच वेळ राहते. शिवाय पाणी उडून जाते आणि उरलेला गोडवा दाट होतो. सालीतून चिकट पाक झिरपतो तो याच साखरेचा. जपानमध्ये तापलेल्या दगडांवर सावकाश भाजलेली रताळी हिवाळ्यात लोक आवडीने खातात, त्यांच्या गोडीचे गुपितही हेच. उलट मायक्रोवेव्हमध्ये रताळे झटकन तापते, विकराला काम करायला वेळच मिळत नाही, म्हणून ते कमी गोड लागते. चवीला ही तक्रार असेल. मधुमेहींसाठी ती सोयच आहे.

त्यामुळे आजोबांच्या ताटात रताळेच द्यायचे असेल, तर ते उकडलेले द्यावे आणि शक्यतो सालीसकट उकडलेले. मात्र किती द्यायचे, हा प्रश्न उरतोच. इंडेक्स फक्त वेग सांगतो. रक्तात एकूण किती साखर जाणार, हे खाल्लेल्या वजनावर ठरते. उकडलेल्या १०० ग्रॅम रताळ्यात सतरा-अठरा ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. ‘रताळे चालते’ म्हणून एका बैठकीत पाव किलो संपवले, तर ते पंचेचाळीसच्या घरात जातात. त्याच ताटात साबुदाण्याची खिचडी आणि केळेही असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

मग बटाट्याची शिक्षा माफ?

थोडी माफ व्हायला हरकत नाही. उकडलेला बटाटा पूर्ण थंड झाला, विशेषतः रात्रभर फ्रिजमध्ये राहिला, की त्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट रचनेत बांधला जातो आणि लहान आतड्यात पचत नाही. त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. तो तंतुमय पदार्थासारखे काम करतो आणि पुन्हा गरम केल्यावरही बराचसा टिकतो. दही घालून केलेली बटाट्याची थंड कोशिंबीर म्हणूनच गरमागरम कुस्करलेल्या बटाट्यापेक्षा साखरेला सौम्य पडते. फरक चमत्कारिक नाही, पण फुकट मिळतो.

दाण्याचे कूट आणि तूप यांचाही इथे वाटा आहे. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने सोबत असली की पोट सावकाश रिकामे होते आणि साखर एकदम उसळत नाही. कीस, कूट, ताक असे ताट नुसत्या बटाट्यापेक्षा बरे. त्याची किंमत कॅलरींत मोजावी लागते, हे लक्षात ठेवायचे. उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात नव्वदच्या आतबाहेर कॅलरी असतात. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या फ्रेंच फ्राइजमध्ये तीनशेहून जास्त. बटाट्याची बदनामी मुख्यतः कढईने केली आहे. ‘फराळी’ लिहिलेले वेफर्सचे पाकीट रताळ्याचे असले, तरी तेल आणि मीठ तेच राहते.

एकाच्या जागी दुसरे चालते का?

काही ठिकाणी उत्तम चालते, काही ठिकाणी सपशेल फसते. बटाट्याला स्वतःची चव जवळजवळ नाही, म्हणूनच तो कोणत्याही फोडणीत मिसळतो. वड्याचे सारण, रस्सा, पराठा, काहीही चालते. रताळे आपली गोडी सोडत नाही. बटाटेवड्यात नुसते रताळे भरले, तर सारण ओलसर होते, वडा आतून गोड लागतो आणि लसूण-मिरचीशी त्याचे पटत नाही. उपवासाच्या पॅटिसमध्ये अर्धा बटाटा, अर्धे रताळे आणि बांधायला शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ, असा समझोता जमतो.

किसाची पद्धतही वेगळी. बटाट्याचा कीस पाण्यात दोनदा धुतला की वरचा स्टार्च जातो आणि तो मोकळा होतो. रताळ्याचा कीस काळा पडू नये म्हणून पाण्यात टाकायचा, पण घट्ट पिळून लगेच फोडणीला घालायचा. मंद आचेवर झाकण ठेवायचे आणि सारखे ढवळायचे नाही, नाहीतर त्याचा लगदा होतो. हिरवी मिरची, जिरे, कूट आणि वरून लिंबू पिळले, की गोड, तिखट, आंबट असे तिन्ही एकत्र येते. त्यात चमचाभर साखर घालायची पद्धत अनेक घरांत आहे. रताळे मुळातच गोड असताना ती कशासाठी, हे कोडेच आहे. रताळे चिरताना पांढरा चीक निघतो आणि हाताला चिकटतो. आधी तेलाचा हात लावून घेतला की त्रास होत नाही.

तळताना मात्र सांभाळावे लागते. रताळ्यातल्या साखरेमुळे काप बाहेरून पटकन काळपटतात आणि आत कच्चे राहतात, म्हणून आच बटाट्यापेक्षा मंद हवी. गोडाच्या बाजूला रताळ्याला बटाट्याची स्पर्धाच नाही. तुपावर परतलेल्या गूळ-वेलदोड्याच्या चकत्या, दुधातली खीर, घाऱ्या किंवा पुरणाऐवजी रताळे भरलेली पोळी हे प्रकार बटाट्याला साधत नाहीत.

साठवणीत दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे: कच्चे असताना फ्रिज नको. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. असा बटाटा तळला की काळपट होतो आणि त्यात ॲक्रिलामाइड हे नको असलेले रसायन जास्त तयार होते. रताळ्याला थंडी बाधते, त्याचा मधला भाग शिजवूनही टणक राहतो. दोन्ही हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवावीत. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो.

कोणी जपून खावे?

मधुमेहात इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर उपवासाचा खरा धोका बटाटा-रताळ्याच्याही आधी सुरू होतो. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. अशा वेळी उपवास मोडून लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावे लागते. डोस स्वतःहून कमी-जास्त करण्यापेक्षा उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारलेले बरे.

मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांना पोटॅशियम मोजून खावे लागते, आणि ते दोन्ही कंदांत भरपूर आहे. सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले की त्याचे प्रमाण कमी होते. सालीसकट उकडण्याचा वरचा सल्ला म्हणूनच त्यांच्यासाठी नाही. ज्यांना ऑक्सलेटचे मुतखडे वारंवार होतात, त्यांनी रताळ्याचे प्रमाण बेताचे ठेवावे, कारण त्यात ऑक्सलेट बरेच असते.

नारिंगी रताळे आपल्याकडे कधी?

आफ्रिकेत अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे मुलांची दृष्टी जाणे आणि आजार बळावणे हा गंभीर प्रश्न होता. तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणातले पांढरे रताळे बदलून नारिंगी जाती देण्याची मोहीम राबवली गेली. या कामासाठी २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मारिया आंद्राद, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या तिघांना, पिकांतच पोषणमूल्य वाढवण्याची कल्पना पुढे नेणारे हॉवर्थ बुइस यांच्यासह देण्यात आला. लोकांच्या ताटात नवा पदार्थ न आणता फक्त त्याचा रंग बदलणे, ही या कामाची खरी चतुराई होती.

भारतातही तशा जाती आहेत. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची ‘भू सोना’ ही नारिंगी जात १०० ग्रॅममागे सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देते. तिचीच ‘भू कृष्णा’ ही जांभळी जात अँथोसायनिन या रंगद्रव्यासाठी ओळखली जाते. बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषले जाते, त्यामुळे नारिंगी रताळ्यावर तुपाची धार किंवा दाण्याचे कूट ही केवळ चवीची गोष्ट राहत नाही.

अडचण मागणीची आहे. आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा हे भरवशाचे पीक आहे, कारण वडापावपासून वेफर्सपर्यंत त्याला वर्षभर गिऱ्हाईक असते. करमाळा किंवा बेळगाव-चंदगड पट्ट्यातल्या रताळ्याच्या शेतकऱ्याची नजर मात्र महाशिवरात्र, आषाढी आणि नवरात्र अशा मोजक्या तारखांवर असते. त्या दोन दिवसांत भाव चढतो, तिसऱ्या दिवशी उतरतो. गिऱ्हाईक लाल सालीचे आणि आतून पांढरे रताळे पाहूनच पिशवी पुढे करते. कापल्यावर नारिंगी निघाले, तर ‘गाजरासारखे कसे?’ म्हणून परत करण्याचीच शक्यता अधिक, आणि ती जोखीम घेऊन कोणी नवा वेल लावत नाही. तोवर बाजारात मिळते ते पांढरे रताळे आणावे, उकडावे आणि आजोबांना दोनऐवजी एक द्यावे.